स्नेअर ड्रमचा खटका

स्नेअर ड्रम या पाश्चात्त्य अवनद्ध वाद्याच्या खालच्या पानावर ताणलेल्या तारा वादकाच्या इच्छेनुसार पानाला टेकविणारी व पानापासून दूर करणारी यांत्रिक योजना. इंग्रजी वाद्यव्यवहारात तिला थ्रो-ऑफ म्हणतात. तारांचा ताण कमीजास्त करणाऱ्या भागास स्ट्रेनर असे नाव आहे. हे दोन्ही भाग बहुधा एकाच जोडणीत बसविलेले असल्याने ही नावे पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरली जातात. खटक्याचे काम वरवर पाहता दिव्याच्या बटनासारखे, चालू व बंद एवढेच, दिसते. परंतु तारा सोडून देणे सोपे असते. त्या पुन्हा नेमक्या पूर्वीच्याच ताणावर व पूर्वीच्याच दाबाने पानाला आणून टेकविणे अवघड असते. खटक्यांचे जे अनेक प्रकार प्रचारात आले, त्यांतील भेद हे मुख्यतः या एका अडचणीवर शोधलेल्या निरनिराळ्या उपायांचे भेद होत.

वाद्याची रचना व नाद : स्नेअर ड्रमचे खोड लाकडाचे किंवा पितळ, पोलाद, ॲल्युमिनियम यांसारख्या धातूचे असून प्रचलित आकारात त्याचा व्यास सु. ३५.५ सेंमी. (१४ इंच) व उंची सु. १२.५ ते १६.५ सेंमी. असते. ढोलाप्रमाणे त्याला दोन पाने असतात. वरच्या पानावर दोन काठ्यांनी आघात करतात. पूर्वी ही पाने वासराच्या कातड्याची असत. १९५० नंतरच्या दशकात पॉलिएस्टरच्या पातळ पटलाची पाने आली व लवकरच सर्वत्र रूढ झाली. वरचे पान साधारणतः ०.२५ मिमी. जाड असते, खालचे त्याहून पुष्कळच पातळ, सु. ०.०७५ मिमी. असते. या पातळ पानावर, व्यासाच्या दिशेने, तारांचा एक संच ताणलेला असतो व त्यालाच स्नेअर म्हणतात. आजच्या सर्वसाधारण संचात स्प्रिंगप्रमाणे गुंडाळलेल्या पोलादी तारांचे २० पदर असतात व ते दोन्ही टोकांस धातूच्या पट्ट्यांत पक्के केलेले असतात. एका टोकाची पट्टी दोरीने किंवा प्लॅस्टिकच्या फितीने खोडावरील अचल धारकाला बांधतात, तर दुसऱ्या टोकाची खटक्याला. तारा पानावर सपाट बसाव्यात म्हणून त्या जेथून बाहेर पडतात, तेथे खोडाच्या काठाला दोन्ही बाजूंस किंचित उथळ उतार दिलेला असतो.

वरच्या पानावर आघात झाला की, खोडातील हवेच्या द्वारे खालचे पान हलते, तारांना दूर झुगारते व परत येणाऱ्या तारा पानावर आदळतात. या वारंवार होणाऱ्या सूक्ष्म आघातांतून उच्च कंप्रतेचे अनेक घटक निर्माण होतात आणि ड्रमच्या बोदट नादास त्याची परिचित, करकरीत धार येते. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जवारी लावताना जशी नादात झणझण हेतुपुरस्सर आणली जाते, तशीच ही खरखर हेतुपुरस्सर आणलेली असते. दोहोंतही सूक्ष्म जुळणी महत्त्वाची असते. तारा फार सैल असतील, तर त्या आघात संपल्यावरही रेंगाळत वाजत राहतात. त्या फार घट्ट असतील, तर पानापासून सुटण्यासाठी पानाचे कंपन अधिक मोठे व्हावे लागते आणि परिणामी हलक्या हाताने वाजविलेले बोल ताराविरहित, मुके निघतात. मंद वादनातही तारांनी उत्तर द्यावे आणि जोरकस वादनात त्या गुदमरू नयेत, असा ताण फार थोड्या मर्यादेत सापडतो. खटका वापरताना हाच ताण हरवण्याचा संभव असतो.

खटक्याची गरज : तारा पानाला टेकलेल्या असताना ड्रम न वाजविताही बोलू लागतो. शेजारच्या शिंगवाद्याचा, बास गिटारचा किंवा टॉमटॉमचा एखादा स्वर खालच्या पानाच्या नैसर्गिक कंप्रतेशी जुळला की, ते पान अनुस्पंदनाने हलते व तारा खरखरू लागतात. नृत्यसंगीताच्या गजबजाटात हे लक्षात येत नाही. परंतु वाद्यवृंदातील एखाद्या शांत प्रवेशात, जेथे एकटा शिंगवादक मंद स्वर लावत असतो, तेथे ही खरखर सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. म्हणून वाद्यवृंदातील ड्रमवादक आपली पाळी नसताना तारा सोडून ठेवतो व पाळी येण्यापूर्वी त्या पुन्हा टेकवतो. ही हालचाल त्याला शांततेतच करावी लागते. खटक्याचा स्वतःचा टक् असा आवाज झाला, तर एक दोष टाळण्यासाठी दुसरा ओढवून घेतल्यासारखे होते.

दुसरी गरज संगीतरचनेतून येते. तारा सोडल्यावर स्नेअर ड्रमचा नाद कोरडा, पोकळ व टॉमटॉमच्या जवळ जाणारा होतो आणि विसाव्या शतकातील संगीतकारांनी त्याचा स्वतंत्र वाद्यासारखा उपयोग केला. स्ट्राव्हिन्स्की यांनी सैनिकाच्या कथेवरील आपल्या १९१८ मधील रंगकृतीत वेगवेगळ्या आकारांचे ताराविरहित ड्रम योजले. बेला बार्टोक यांच्या काँचेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा (१९४३) या रचनेच्या दुसऱ्या भागाचा प्रारंभ व शेवट ताराविरहित ड्रमच्या एकल वादनाने होतो. याउलट राव्हेल यांच्या बोलेरो (१९२८) या रचनेत तारा लावलेला ड्रम अत्यंत मंद आवाजात सुरू होऊन एकच लयबंध अखेरपर्यंत वाजवीत राहतो. तेथे खटक्याने एकदा बसविलेला ताण संपूर्ण रचनाभर तसूभरही न ढळणे आवश्यक असते. जेथे तारांसहित व ताराविरहित असे दोन्ही नाद जवळजवळ हवे असतात, तेथे संगीतकार दोन ड्रम मागतात. दोन पियानो व तालवाद्ये यांसाठी बार्टोक यांनी १९३७ मध्ये लिहिलेल्या सोनाटात अशीच योजना आहे. यांत्रिक सोयीची मर्यादा कोठे संपते, हे अशा रचनांवरून दिसून येते.

ऐतिहासिक विकास : मध्ययुगीन यूरोपातील टॅबर या लहान ढोलकाच्या पानावरून एखादी तात ओवलेली असे. पुढे पायदळाबरोबर बासरीच्या साथीने वाजणारे मोठे ड्रम आले. त्यांच्या खालच्या पानावर अनेक ताती असत व त्या खोड आणि कडे यांच्या सांध्यात दाबून धरलेल्या असत. पाने दोरांनी ताणलेली असत आणि दोरांवरील चामडी पट्ट्या सरकवून तो ताण वाढविता येई. तातींचा ताण बदलण्यास मात्र सोपा मार्ग नव्हता. त्या गप्प करावयाच्या झाल्यास त्यांच्या व पानाच्या मध्ये कापड सरकवीत किंवा त्या ढिल्या करीत; लष्करी अंत्ययात्रेतील दबक्या ड्रमचा नाद अशाच उपायांनी साधला जाई. एकोणिसाव्या शतकात दोरांची जागा हळूहळू धातूच्या सळ्या व मळसूत्रे यांनी घेतली आणि तातींच्या एका टोकासही मळसूत्राचा आकडा आला. त्यामुळे ताण नियंत्रित करता येऊ लागला. परंतु ताती सोडण्यासाठी मळसूत्र फिरवीत बसावे लागे व पुन्हा पूर्वीचा ताण आणण्यासाठी केवळ कानावर विसंबावे लागे.

तरफेचा खटका विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत रूढ झाला व त्यामागे अमेरिकेतील रंगभूमी, नृत्यगृहे आणि मूकपटगृहे यांची निकड होती. तेथे एकच वादक पायाने मोठा ड्रम व हातांनी स्नेअर ड्रम, झांजा, घंटा इ. वाजवून पडद्यावरील प्रसंगांना साथ करी. घोड्यांच्या टापांपासून रणवाद्यांपर्यंत अनेक नाद त्याला क्षणार्धात काढावे लागत. अशा वादकाला एका हाताच्या एका हालचालीत तारा सोडता व लावता येणे ही रोजच्या पोटापाण्याची गोष्ट होती. १९२७ नंतर बोलपट आल्याने या वादकांपैकी बहुतेकांचे काम गेले. त्यांच्यासाठी विकसित झालेला खटका मात्र जॅझच्या ड्रमसंचात कायम राहिला. शिकागो येथील लडविग व स्लिंगरलँड आणि इंडियानापोलिस येथील लीडी या कंपन्यांच्या स्पर्धेतून त्याचे मुख्य प्रकार याच काळात सिद्ध झाले. त्याच सुमारास ताती मागे पडून गुंडाळलेल्या पोलादी तारांचा प्रसार झाला. हवेतील दमटपणाने ताती सैल पडत. तारांना तो दोष नव्हता.

प्रकार : यंत्ररचनेच्या दृष्टीने खटक्यांचे तीन मुख्य प्रकार मानता येतात.

(१) एकबाजूचा खटका : हा सर्वांत साधा व आजही सर्वाधिक आढळणारा प्रकार होय. यात तारांचे एक टोक अचल असते. दुसरे टोक एका सरकत्या तुकड्यास बांधलेले असून तरफ वर केली की तो तुकडा ओढला जाऊन तारा ताणल्या जातात. तरफ पाडली की तो काही मिमी. मागे येतो व तारा सैल होऊन पानापासून खाली येतात. सूक्ष्म जुळणीसाठी त्याच जोडणीत हाताने फिरविण्याचे मळसूत्र असते. एवढ्या थोड्या ढिलाईने काम कसे भागते, हे भूमितीवरून समजते. ३३ सेंमी. लांबीची पूर्णतः लवचिक दोरी दोन टोकांना धरून तिला केवळ ३ मिमी. ढील दिली, तर ती मध्यभागी सु. १९ मिमी. खाली लोंबते. गुंडाळलेली तार स्प्रिंगप्रमाणे आखडते व अंगची ताठ असते, म्हणून ती प्रत्यक्षात यापेक्षा बरीच कमी लोंबते. तरीही पानापासून सुटण्यास तेवढे पुरेसे होते. लडविग कंपनीचा पी-८३, ग्रेच कंपनीचा लाइटनिंग व जॉर्ज वे यांच्या नावाशी निगडित असलेला, पिंपाच्या तोटीसारख्या आकारामुळे बिअर-टॅप असे टोपणनाव मिळालेला खटका, ही या प्रकाराची प्रसिद्ध उदाहरणे होत.

(२) समांतर खटका : यात तारांची दोन्ही टोके एकाच वेळी खाली-वर होतात. एका बाजूच्या तरफेची हालचाल खोडाच्या आतून जाणाऱ्या दांड्याने दुसऱ्या बाजूस पोहोचविली जाते किंवा दोन्ही बाजूंचे धारक अन्य रीतीने जोडलेले असतात. तारा खोडाच्या काठापलीकडे दोन्ही बाजूंस थोड्या लांब असतात आणि सोडल्यावरही त्यांचा ताण कायम राहतो. ताणलेल्या अवस्थेतच त्या पानापासून दूर होतात. १९२० नंतरच्या दशकात लडविग कंपनीने सुपर-सेन्सिटिव्ह या नावाने अशी रचना विकली व १९६० च्या सुमारास ती सुधारून पुन्हा बाजारात आणली. तीत प्रत्येक तारेचा ताण स्वतंत्रपणे बदलण्याचीही सोय होती. लीडी कंपनीच्या १९३० नंतरच्या दशकातील ब्रॉडवे पॅरलल या ड्रमचे नावच या यंत्रणेवरून पडले होते.

(३) चौकटीचा खटका : रॉजर्स या अमेरिकन कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या प्रारंभी आणलेल्या डायना-सॉनिक ड्रममध्ये समांतर तत्त्वाचा पुढचा टप्पा दिसतो. यात तारा एका स्वतंत्र धातूच्या चौकटीत ताणलेल्या असतात. चौकटीतील मळसूत्राने तारांचा ताण ठरतो व संपूर्ण चौकट पानाकडे उचलली किंवा पानापासून खाली घेतली जाते. त्यामुळे तारा कितीही घट्ट केल्या, तरी त्या पानावर अधिक दाबल्या जात नाहीत.

तुलना : या तीन प्रकारांतील मूलभूत भेद लक्षात येण्यासाठी ताण व दाब या दोन गोष्टी वेगळ्या मानणे आवश्यक आहे. ताण म्हणजे तारा त्यांच्या लांबीच्या दिशेने किती खेचल्या आहेत ते. दाब म्हणजे त्या पानावर किती बळाने टेकल्या आहेत ते. एकबाजूच्या खटक्यात एकच मळसूत्र दोन्ही गोष्टी एकदम बदलते. तारा खोडाच्या काठावरून वळून वर धारकाकडे जातात, म्हणून ताण वाढविला की दाबही वाढतोच. समांतर खटक्यात धारकांची उंची बदलून दाब व मळसूत्राने ताण असे दोन्ही बरेचसे स्वतंत्रपणे जुळविता येतात, तर चौकटीच्या खटक्यात ते पूर्णतः विभक्त होतात. तत्त्वतः तिसरा प्रकार सर्वांत शुद्ध होय.

पूर्ण सुटकेच्या बाबतीतही समांतर व चौकटीचे खटके सरस ठरतात. एकबाजूच्या खटक्यात अचल टोकाजवळील तारा पानालगतच राहतात. त्यामुळे खटका बंद असूनही तेथून बारीक कुरकुर येऊ शकते. ड्रम आडव्या चौकीवर असेल, तर गुरुत्वाकर्षण तारांना खाली खेचते व दोष बहुधा झाकला जातो. संचलनात गळ्यात अडकवून तिरका धरलेल्या ड्रममध्ये ही मदत कमी पडते. स्कॉटिश पाइप बँडच्या ड्रममध्ये तर वरच्या पानाच्या आतील बाजूसही तारांचा दुसरा संच असतो. अशा वाद्यांत तारा ताणलेल्या ठेवूनच हलविणारी रचना अधिक उपयुक्त ठरते.

टिकाऊपणा व जुळणीची सुलभता यांबाबतीत मात्र क्रम उलटा होतो. एकबाजूच्या खटक्यात हलणारे भाग थोडे असतात. बिघाड झाल्यास तो काही मिनिटांत बदलता येतो आणि तारांचा कोणताही प्रचलित संच त्यास चालतो. समांतर खटक्यात दोन्ही बाजूंची उंची, दोन्ही बाजूंचा ताण व कित्येकदा प्रत्येक तारेचा ताण जुळवावा लागतो. एक बाजू जरा वर राहिली, तर तारा तिरक्या टेकतात व अर्ध्या भागातच बोलतात. काठाबाहेर डोकावणारी तारांची टोके ने-आण करताना वाकण्याची भीती असते. म्हणून त्यांभोवती संरक्षक कड्या द्याव्या लागतात. शिवाय लांबीला विशेष असलेले तारासंच मिळविणे कठीण जाते. जुन्या समांतर व चौकटीच्या ड्रमपैकी अनेक आज अपुऱ्या भागांनिशी आढळतात, त्याचे कारण हेच होय. यंत्रणेतील प्रत्येक अधिकचा सांधा हा कालांतराने सैल होऊन स्वतःच खडखडण्याची एक जागा असतो. खरखर थांबविण्यासाठी केलेल्या यंत्रणेत हा दोष विशेष खटकतो.

परतीच्या अचूकतेचा प्रश्न सर्व प्रकारांना समान आहे. तरफ पूर्ण वर गेल्यावर ती मध्यबिंदूच्या किंचित पलीकडे जाऊन अडकावी, अशी बहुतेक खटक्यांची योजना असते; त्यामुळे तारांच्या ओढीनेच ती जागच्या जागी राहते. ही जागा झिजली की, जोरकस वादनात खटका आपोआप सुटतो. दुसरा शत्रू ताणाचे मळसूत्र होय. ड्रमच्या सततच्या कंपनाने ते थोडे थोडे उलट फिरते आणि वादकाच्या नकळत ताण उतरतो. यावर मळसूत्राच्या डोक्याखाली खाचा व स्प्रिंग देऊन ते ठराविक टप्प्यांवर अडेल, अशी सुधारणा करण्यात आली. तारा बांधणाऱ्या दोरीचा प्रश्नही याच वर्गातील आहे. दोरी दोन्ही कडांना सारखी ओढली गेली नाही, तर अर्धे पदर घट्ट व अर्धे सैल राहतात आणि उत्तम खटकाही निष्फळ होतो. रुंद प्लॅस्टिक फितीने ओढ अधिक सारखी पडते. परंतु ती कालांतराने लांबते.

अलीकडील सुधारणा : विसाव्या शतकाच्या अखेरीपासून खटक्यांची निर्मिती हे काही लहान कारखान्यांचे खास क्षेत्र बनले. यांत भर पडली ती एकबाजूच्या प्रकारातच. ट्रिक या अमेरिकन कंपनीने ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातून काढलेला कॅमयुक्त खटका आणला. त्याच्या एका नमुन्यात घट्ट, सैल व बंद अशा तीन अवस्था तरफेनेच मिळतात. कॅनडातील रॉन डनेट यांच्या खटक्याची तरफ वादकाच्या सोयीच्या बाजूस वळविता येते आणि तारासंच जुळणी न बिघडविता पटकन काढता येतो. डीडब्ल्यू या कंपनीने तरफ जागी धरण्यासाठी चुंबकाचा उपयोग केला. या सर्वांचा रोख तरफेची हालचाल मऊ व निःशब्द करण्याकडे आणि परतीचा ताण निश्चित राखण्याकडे आहे. ताण व दाब वेगळे करण्याचा जुना प्रश्न त्यांनी बहुधा तसाच सोडून दिला आहे. कारण खोडाच्या काठाचा उतार नीट केलेला असेल व खालचे पान योग्य ताणलेले असेल, तर कुशल वादकाला एकाच मळसूत्राने समाधानकारक जुळणी साधते, असा अनुभव आहे.

निवड व जुळणी : वाद्यवृंदातील वादकास खटक्याची निःशब्दता व पूर्ण सुटका सर्वांत महत्त्वाची असते, तेथे वाद्य जपून वापरले जात असल्याने गुंतागुंतीची यंत्रणा परवडते. जॅझ व नृत्यसंगीतातील वादकास एका हाताने, न पाहता चालणारा खटका हवा असतो. संचलनपथकासाठी मजबुती व तिरक्या अवस्थेतील खात्री यांना अग्रक्रम द्यावा लागतो. भारतात हे वाद्य ब्रिटिश अमदानीतील लष्करी बँडबरोबर आले आणि आज ते लष्कर व पोलीस यांचे बँड, शाळांची संचलनपथके, लग्नाच्या वरातीतील बँड तसेच चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद यांत आढळते. वरातीच्या बँडसारख्या ठिकाणी, जेथे वाद्य धूळ व पावसाचे शिंतोडे झेलत रस्त्यावरून जाते, तेथे ज्याचा प्रत्येक भाग साध्या पकडीने दुरुस्त करता येतो, असा एकबाजूचा खटकाच हितकर होय.

जुळणी करताना प्रथम ताणाचे मळसूत्र सैल करून खटका चालू स्थितीत ठेवतात आणि तारासंच दोन्ही काठांपासून समान अंतरावर आणून बांधतात. नंतर वरच्या पानावर अगदी हलके, काठाजवळ, आघात करीत मळसूत्र थोडे थोडे फिरवितात. तारा ज्या क्षणी त्या हलक्या आघातालाही स्वच्छ उत्तर देऊ लागतात, तेथे थांबावयाचे असते. यानंतर खटका अनेकदा पाडून व उचलून तोच नाद परत येतो की नाही, हे पाहतात. बंद अवस्थेत खालच्या पानाच्या स्वराशी जुळता स्वर जवळ वाजवून कुरकुर उरली आहे काय, हेही तपासतात. मंद आघाताला मिळणारे उत्तर, बंद अवस्थेतील शांतता आणि परतीची अचूकता या तीन कसोट्यांना उतरणारा खटका, मग तो कोणत्याही प्रकारचा असो, चांगला समजावा. पहिल्या कसोटीत खटक्याइतकाच वाटा काठ, पान व तारा यांच्या परस्परमेळाचा असतो. उरलेल्या दोन्हींचे उत्तर मात्र खटक्यालाच द्यावे लागते.